यंत्र काढायचे कधी, हे लावण्याआधी बोलले जावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदय जवळजवळ बंद पडलेल्या रुग्णाला यंत्राच्या आधारावर काही दिवस ठेवले आणि नंतर तो स्वतःच्या पायांनी घरी गेला, अशा बातम्या वृत्तपत्रांतून अधूनमधून छापून येतात. त्या वाचून मलाही आनंद होतो, कारण हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात मी बरीच वर्षे काम करतो आहे आणि असे रुग्ण मी जवळून पाहिले आहेत. मात्र या बातम्यांत यंत्राचे नाव असते, डॉक्टरांचे कौतुक असते, रुग्णाचे हसरे छायाचित्र असते. यंत्र नेमके कशासाठी लावले, किती दिवसांच्या हिशेबाने लावले आणि हृदय सावरले नसते तर पुढे काय होणार होते, याविषयी एक ओळही नसते. परिणामी पुढच्या रुग्णाचे नातेवाईक आमच्यासमोर येतात ते ‘मशीन लावलं म्हणजे आता धोका टळला ना?’ असे विचारत, आणि त्या विचारण्यात प्रश्न कमी व खात्री जास्त असते. त्या खात्रीविषयी हे पत्र आहे.

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलते. हृदयविकाराचा मोठा झटका, हृदयस्नायूला आलेली सूज, प्रसूतीच्या सुमारास निर्माण होणारी हृदयाची दुर्बलता किंवा वर्षानुवर्षे चाललेल्या हृदय निकामी होण्याच्या आजाराने घेतलेले अचानक वाईट वळण, यांपैकी कोणत्याही कारणाने हा प्रवाह इतका घटतो की मेंदू, मूत्रपिंडे आणि यकृत यांना पुरेसे रक्त मिळेनासे होते. तेव्हा त्या अवस्थेला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली जाऊन तिथेच राहतो, हातपाय थंड पडतात, लघवीचे प्रमाण कमी होते आणि रक्तातले लॅक्टेट, म्हणजे अवयवांना प्राणवायू कमी पडल्याची खूण असलेले आम्ल, चढू लागते. रक्तदाब वाढवणारी आणि हृदयाचा जोर वाढवणारी औषधे सुरू करावीच लागतात, पण ती थकलेल्या बैलाला पराणी टोचण्यासारखी असतात. बैल चार पावले पुढे जातो खरा, पण त्याच्या अंगातली उरलीसुरली ताकद त्या चार पावलांतच खर्ची पडते. औषधाची मात्रा जितकी वाढते तितकी हृदयस्नायूची प्राणवायूची गरजही वाढते आणि आधीच उपाशी असलेला स्नायू अधिक उपाशी राहतो. हे चक्र तोडायचे म्हणजे हृदयाचे काही काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवायचे, आणि अल्पकालीन यांत्रिक आधाराची सगळी कल्पना एवढ्यावरच उभी आहे.

यातले सर्वांत जुने साधन म्हणजे महाधमनीतला फुगा, आमच्या बोलण्यात ‘बलून पंप’. जांघेतल्या धमनीतून एक लांबट फुगा छातीतल्या महाधमनीपर्यंत नेतात. हृदय सैल पडले की तो हेलियम वायूने फुगतो आणि हृदय आकुंचन पावण्याच्या क्षणी रिकामा होतो. फुगताना तो रक्त मागे सारून हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांकडे वळवतो आणि रिकामा होताना हृदयासमोरचा अडथळा थोडा कमी करतो. हेलियम यासाठी की तो अत्यंत हलका असल्याने अरुंद नळीतून क्षणार्धात ये-जा करू शकतो. अमेरिकी हृदयशल्यविशारद एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ मध्ये हे साधन प्रथम रुग्णावर वापरले. कल्पना इतकी सुबक आणि रक्तदाबाच्या आलेखावर दिसणारा परिणाम इतका डोळ्यांत भरणारा होता की पुढची चार दशके ते जगभर विश्वासाने वापरले गेले. जर्मनीत सहाशे रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले तेव्हा, हृदयविकाराच्या झटक्यानंतर शॉकमध्ये गेलेल्या रुग्णांपैकी फुगा लावलेल्या गटात तीस दिवसांत ३९.७ टक्के आणि न लावलेल्या गटात ४१.३ टक्के मृत्यू झाल्याचे दिसले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नसल्यातच जमा होतो. आलेख सुधारणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला आमच्या व्यवसायाला पंचेचाळीस वर्षे लागली, याची नोंद इथे प्रामाणिकपणे करायला हवी.

दुसरे साधन म्हणजे इम्पेला. पेन्सिलीपेक्षाही बारीक नळीच्या टोकाशी बसवलेला हा चिमुकला पंप महाधमनीच्या झडपेतून आत, थेट हृदयाच्या डाव्या जवनिकेत, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्यात, जातो आणि आर्किमिडीजच्या स्क्रूच्या तत्त्वावर तिथले रक्त उपसून महाधमनीत सोडतो. त्याचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेते. फुगा हृदयाला केवळ साथ देतो, तर हा पंप जवनिका प्रत्यक्ष रिकामी करतो आणि त्यामुळे हृदयाला खरी विश्रांती मिळते. पण एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पात्यातून जाताना तांबड्या पेशी फुटतात. लघवीच्या पिशवीतला रंग पिवळ्याचा चहासारखा होऊ लागला की रात्रपाळीची परिचारिका डॉक्टरांना उठवते. पंप किंचित सरकला आहे का, हे लगेच सोनोग्राफी करून पाहावे लागते. एवढा महागामोलाचा पंप ठीक जागी आहे की नाही याची पहिली वर्दी पुष्कळदा त्या साध्या पिशवीतून मिळते.

तिसरे, आणि बातम्यांत सर्वाधिक गाजणारे, म्हणजे एक्मो. जांघेतल्या मोठ्या शिरेतून रक्त बाहेर घ्यायचे, पंपाने ते ऑक्सिजनेटरमधून, म्हणजे रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या कृत्रिम फुफ्फुसातून, न्यायचे आणि धमनीतून परत शरीरात सोडायचे. खाटेच्या कडेला दोन जाड नळ्या दिसतात, एकीत काळपट लाल रक्त आणि दुसरीत लालभडक. दोन्हींचा रंग सारखा दिसू लागला तर ऑक्सिजनेटर थकला असे समजून परफ्युजनिस्टला, म्हणजे हे यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाला, हाक मारायची, हे विभागात नव्याने आलेल्यालाही पहिल्याच दिवशी शिकवले जाते. हे यंत्र हृदय आणि फुफ्फुस या दोघांचेही काम बऱ्याच अंशी अंगावर घेते, म्हणूनच त्याच्याभोवती चमत्काराचे वलय आहे. त्याचा एक विरोधाभास मात्र क्वचितच सांगितला जातो. एक्मो धमनीतून रक्त उलट्या दिशेने, म्हणजे हृदयाकडे ढकलते; मुळात दुबळ्या असलेल्या डाव्या जवनिकेला आता या दाबाविरुद्ध झडप उघडावी लागते. ते जमले नाही तर जवनिका फुगते, तिच्यात रक्त साचून गुठळी होण्याची भीती निर्माण होते आणि फुफ्फुसांत पाणी भरते. त्यासाठी पुष्कळदा जवनिका रिकामी करणारे दुसरे साधन जोडावे लागते. ज्या पायातून नळी गेली आहे त्या पायाला रक्त कमी पडू नये म्हणून आणखी एक बारीक नळी खालच्या दिशेने घालावी लागते. मेंदूला पोहोचणारे रक्त यंत्राकडून येते आहे की रुग्णाच्या आजारी फुफ्फुसांकडून, हे ओळखण्यासाठी प्राणवायूची तपासणी उजव्या हातातून घ्यावी लागते. आणि नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवले की नळ्या जिथे टोचल्या आहेत तिथून, नाकातून, आतड्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. या यंत्रावरचा एकही दिवस फुकटचा नसतो.

एक प्रसंग सांगतो. हृदयस्नायूला सूज आलेल्या एका तरुण रुग्णाला एक्मोवर घेतल्यानंतर त्याचा भाऊ आत आला आणि मॉनिटरकडे पाहून जागीच थिजला. रक्तदाबाची लाट दाखवणारी रेषा जवळजवळ सपाट होती आणि शेजारी पासष्ट हा एकच आकडा दिसत होता. सपाट रेषा म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक असते, किंवा ठाऊक आहे असे वाटते. त्याला समजावून सांगावे लागले की हृदय ठोका देते तेव्हा लाट उठते. पंपाचा प्रवाह अखंड असल्याने त्यात चढउतार नसतो, आणि आत्ता या शरीरात रक्त फिरवण्याचे काम हृदय करतच नाही. चौथ्या दिवशी पहाटे त्या सपाट रेषेवर प्रत्येक ठोक्याबरोबर बारीकसा उंचवटा दिसू लागला. सोनोग्राफीत महाधमनीची झडप उघडताना दिसली. त्या भावाने बोट लावून तो उंचवटा मला दाखवला आणि विचारले, ‘हा त्याचा स्वतःचा का?’ होय, तो त्याचा स्वतःचाच होता. पुढे यंत्राचा प्रवाह टप्प्याटप्प्याने कमी करत, प्रत्येक टप्प्यावर हृदय किती भार पेलते ते पाहत, नळ्या काढता आल्या. बातमी झाली असती तर ती याच रुग्णाची झाली असती.

ज्याची बातमी कधीच होत नाही, तो रुग्ण दुसरा. पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ कित्येक वर्षे हृदय निकामी होण्याच्या आजाराने त्रस्त होता. मध्यरात्री अत्यवस्थ अवस्थेत तो आला, लॅक्टेट चढत होते, औषधांना दाद नव्हती. आम्ही तासाभरात एक्मो सुरू केले. नातेवाइकांशी जे बोललो त्याला बोलणे म्हणता येणार नाही. ‘जीव वाचवायचा तर यंत्र लावावं लागेल, इथे सही करा,’ एवढेच आम्ही म्हणालो होतो. तिसऱ्या दिवशी तो पूर्ण शुद्धीवर आला, व्हेंटिलेटर निघाला, तो बोलू लागला, आणि आम्हा सगळ्यांना आपण योग्य तेच केल्यासारखे वाटले. मग एकेक तपासणी हाती येत गेली. हृदय सावरण्याची चिन्हे नव्हती. उजवी बाजूही इतकी दुबळी होती की डाव्या बाजूसाठी कायमस्वरूपी पंप बसवून भागणार नव्हते. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब कायमचा वाढलेला असल्याने प्रत्यारोपणही शक्य नव्हते, कारण नवे हृदय त्या दाबापुढे टिकले नसते. म्हणजे समोर शुद्धीवर असलेला, मुलांची चौकशी करणारा माणूस होता, आणि ज्या यंत्रावर तो जगत होता ते काढताही येत नव्हते नि ठेवताही येत नव्हते. ‘डॉक्टर, हे कधी काढायचं?’ असे त्याने मला सकाळच्या राउंडला विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच रात्री, निदान त्याच्या घरच्यांपाशी तरी, मांडायला हवे होते. मी त्याला त्या दिवशी ‘बघू या’ म्हणालो. तेराव्या दिवशी जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव यांनी तो प्रश्न सोडवला.

या दोन रुग्णांत यंत्र तेच होते आणि ते चालवणारे हातही तेच होते. फरक होता तो यंत्र लावताना पलीकडचा काठ दिसत होता की नाही, याचा. अल्पकालीन आधाराला आमच्या भाषेत पूल म्हणतात. तो पूल हृदय आपले आपण सावरण्यापर्यंत नेणारा असू शकतो, कायमस्वरूपी पंपापर्यंत किंवा प्रत्यारोपणापर्यंत नेणारा असू शकतो, किंवा मेंदू शाबूत आहे का, इतर अवयव साथ देतात का, हे कळेपर्यंत निर्णयासाठी वेळ मिळवून देणारा असू शकतो. या शेवटच्या प्रकारात काही गैर नाही. मध्यरात्री पाऊण तासात सगळे कळत नसते. पण वेळ मिळवायचा तर तो कशासाठी आणि कुठवर, हे ठरवून मिळवावा लागतो, नाहीतर पूल बांधून होतो आणि समोर नदीच नदी असते.

आता आकड्यांकडे वळतो, कारण उत्साह आणि निराशा या दोहोंना लगाम घालण्याचे काम शेवटी तेच करतात. झटक्यानंतर शॉकमध्ये गेलेल्या रुग्णांना सरसकट एक्मो लावावे का, हे पाहणाऱ्या ईसीएलएस-शॉक या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. चारशेहून अधिक रुग्णांत तीस दिवसांतला मृत्युदर एक्मोच्या गटात ४७.८ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४९ टक्के होता, म्हणजे जवळजवळ समान; मध्यम किंवा गंभीर रक्तस्राव मात्र एक्मोच्या गटात दुपटीहून जास्त झाला. २०२४ मध्ये डॅनगर शॉक या चाचणीने पहिल्यांदा वेगळे चित्र दाखवले. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या या चाचणीत इम्पेला लावलेल्यांपैकी १८० दिवसांत ४५.८ टक्के आणि न लावलेल्यांपैकी ५८.५ टक्के रुग्ण दगावले. ढोबळ मानाने आठ जणांना पंप लावला तर एक जास्तीचा जीव वाचतो. आमच्या क्षेत्रात हा आकडा मोठा आहे. पण याच चाचणीत डायलिसिससारख्या उपचाराची गरज पंपाच्या गटात ४१.९ टक्के रुग्णांना, तर दुसऱ्या गटात २६.७ टक्के रुग्णांना पडली, आणि गंभीर रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे, पेशी फुटणे अशा गुंतागुंती चौपटीच्या आसपास गेल्या. शिवाय हे रुग्ण काटेकोरपणे निवडलेले होते. हृदय बंद पडल्यानंतर बेशुद्धच राहिलेल्यांना त्यात घेतले नव्हते, आणि असे साडेतीनशेच्या आसपास रुग्ण जमवायला दहा वर्षे लागली. एवढी गाळणी लावून मिळालेला निष्कर्ष दारात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला लावणे म्हणजे त्या चाचणीचाच अवमान करणे होय.

आणखी एक गोष्ट इथे नमूद करायला हवी. वरच्या तिन्ही चाचण्या हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या शॉकविषयी होत्या. माझा दुसरा रुग्ण त्यांत बसतच नाही. जुनाट आजारात हृदय हळूहळू ताणले गेलेले असते, शरीराने कमी रक्तप्रवाहाशी कसेबसे जुळवून घेतलेले असते आणि रक्तदाब बराच वेळ फसवा राहतो. झटक्याच्या रुग्णात जो वेळ काही तासांचा असतो तो इथे काही दिवसांचा असू शकतो. अशा रुग्णांसाठी भक्कम पुरावा आजही तोकडा आहे, पण संभाषणासाठी वेळ मात्र जास्त आहे. वारंवार दाखल होणारा, दर वेळी आधीपेक्षा जास्त औषधांवर घरी जाणारा रुग्ण एक दिवस याच वळणावर येणार, हे त्याच्या डॉक्टरांना आधीच दिसत असते. कायमस्वरूपी पंपाला किंवा प्रत्यारोपणाला तो पात्र आहे का, याची तपासणी बाह्यरुग्ण विभागात, रुग्ण खुर्चीवर बसून बोलत असताना, आणि पात्र नसेल तर त्याला यंत्र हवे आहे का, ही विचारणा त्याच वेळी, त्याच्या स्वतःच्या तोंडून झाली, तर मध्यरात्री त्याच्या मुलावर ती वेळ येत नाही.

नियमसुद्धा उपचारांना कसे वळण लावतात, याचे एक उदाहरण जाता जाता सांगतो. अमेरिकेत ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रत्यारोपणासाठीच्या हृदयांच्या वाटपाचे नियम बदलले आणि अल्पकालीन यंत्रांवर असलेल्या रुग्णांना यादीत वरचे स्थान मिळाले. हेतू रास्त होता, कारण हेच रुग्ण सर्वांत अत्यवस्थ असतात. पण त्यानंतर प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यांत बलून पंपाचा वापर लक्षणीय वाढला. रुग्ण एकाएकी जास्त आजारी झाले असे मानायला जागा नाही. यादीत वर जाण्याचा रस्ता यंत्रातून जाऊ लागला, एवढेच. यात कोणाला दोष देण्याचा उद्देश नाही. ‘यंत्र कशासाठी लावले’ या प्रश्नाचे उत्तर दर वेळी रुग्णाच्या छातीतच सापडते असे नाही, हे मात्र यावरून दिसते.

वृत्तपत्रांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. यंत्राने वाचलेल्या रुग्णाची बातमी अवश्य द्यावी. तिच्यात यंत्र किती दिवस होते, हृदय सावरण्याची आशा डॉक्टरांना कशामुळे वाटत होती आणि असे यंत्र लावलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्मेच वाचतात, एवढ्या तीन गोष्टी जोडल्या तर बातमीची जागा फार वाढणार नाही. ‘कृत्रिम हृदय’ हा शब्द या यंत्रांसाठी वापरू नये, कारण ही यंत्रे हृदयाची जागा घेत नाहीत. काही दिवस किंवा काही आठवडे भार उचलतात आणि त्यानंतर स्वतःच नवा भार होऊन बसतात. नातेवाइकांनीही सही करताना ‘हे लावून आपण कशाची वाट पाहणार आहोत, आणि ते घडले नाही तर कोणत्या दिवशी पुन्हा बसून बोलायचे’ असे विचारायला संकोचू नये. या प्रश्नाने घाईत असलेला डॉक्टर चिडेल अशी भीती वाटते, हे मी जाणतो. काही जण चिडतीलही.

त्या दुसऱ्या रुग्णानंतर आम्ही आमच्या विभागात नोंदींच्या तक्त्यावर एक ओळ वाढवली. यंत्र सुरू केल्याची तारीख आणि वेळ लिहिली की तिच्याच खाली ‘पुनर्विचार’ असे लिहून पुढची तारीख टाकायची, बहुधा तिसऱ्या दिवसाची, आणि ती टाकताना नातेवाइकांपैकी कोणीतरी शेजारी उभे असले पाहिजे. ही जागा रिकामी ठेवून परफ्युजनिस्ट नळ्या जोडायला घेत नाही. गेल्या काही महिन्यांत दोनदा असे झाले की त्या जागी काय लिहावे हे आम्हाला सुचेना, आणि दोन्ही वेळा आम्ही नळ्या न उघडता परत कपाटात ठेवून नातेवाइकांसोबत बसलो.

कळावे,
आपला विश्वासू,
अतिदक्षता विभागात काम करणारा एक डॉक्टर